तसबीर आणि तिच्याकडे पाहणारे तिघे

गेल्या महिन्यात आईला घेऊन ‘संशयकल्लोळ’च्या प्रयोगाला गेलो होतो. भोवळ आलेल्या रेवतीला फाल्गुनराव सावरतो आणि त्याची बायको कृत्तिका नेमके तेवढेच पाहते. पुढे रेवतीकडून पडलेली, तिचा प्रियकर अश्विनशेठ याची तसबीर कृत्तिका उचलून न्याहाळत असताना फाल्गुनराव मागे येऊन उभा राहतो. हे नाटक निदान सहा वेळा पाहिलेली माझी आई त्या क्षणी पुटपुटली, “अगं, सांग ना त्याला, सापडली म्हणून!” आणि लगेच स्वतःच हसली.

विनोदाविषयीच्या मानसशास्त्रात विसंगती आणि तिचा उलगडा अशी दोन पायऱ्यांची मांडणी प्रसिद्ध आहे. चुटक्याला ती चपखल बसते. इथे मात्र बसत नाही, कारण उलगडा प्रेक्षकाच्या हाती आधीपासूनच असतो. मला १९८३ मधला विमर आणि पर्नर या मानसशास्त्रज्ञांचा प्रयोग अधिक जवळचा वाटतो. मॅक्सी नावाचा मुलगा चॉकलेट एका कपाटात ठेवून बाहेर जातो, त्याच्यामागे आई ते दुसऱ्या कपाटात हलवते; तर परत आल्यावर तो कुठे शोधेल? तीन-चार वर्षांची मुले दुसरे कपाट दाखवतात, कारण आपल्याला ठाऊक असलेले दुसऱ्याला ठाऊक नसेल, हे त्यांना अजून उमगलेले नसते. ‘संशयकल्लोळ’चे नाटककार गोविंद बल्लाळ देवल प्रेक्षकाला हीच परीक्षा एकावर एक रचून देतात. तसबिरीतला पुरुष बायकोचा यार आहे, असे फाल्गुनराव मानतो; स्वतःचे पाप झाकण्यासाठी नवरा उलटा आपल्यावर घसरतो आहे, असे कृत्तिका मानते; आणि तीच तसबीर फाल्गुनरावाच्या हाती दिसताच ती रेवतीनेच दिली, असे अश्विनशेठला वाटते. तिघांचे निष्कर्ष चुकीचे आहेत, पण ज्याच्या त्याच्या जागेवरून पाहिले तर एकाचाही तर्क वेडगळ नाही. आपण हसतो ते हा तर्क ओळखीचा असतो म्हणून. घरी उशिरा आलेल्या माणसाबद्दल आपणही असाच केलेला असतो.

ही ओळख पटायची तर भावना खरी असावी लागते, हे मी फजितीतून शिकलो. कॉलेजात फाल्गुनरावाची भूमिका करताना तसबीर दिसताच मी डोळे गरगर फिरवले, उपरणे झटकले. दोन-तीन जण हसले आणि प्रवेश पडला. आमचे दिग्दर्शक म्हणाले, “तुला हसू येतंय तोवर त्यांना येणार नाही.” दुसऱ्या प्रयोगात मी तसबिरीकडे खरोखर घर मोडल्यासारखा पाहत राहिलो आणि पहिल्या वाक्याआधीच हशा आला. हास्याची उत्पत्ती शृंगारातून होते, असे भरतमुनी सांगतात. मत्सरी नवऱ्याचे प्रेमच खोटे असेल, तर त्याच्या मत्सराला हसायचे तरी कशाला?

फ्रेंच नाटककार मोलिएरच्या १६६० मधल्या प्रहसनापासून, एका इंग्रजी नाटकाच्या वाटेने, हा घोटाळा देवलांपर्यंत आला आणि १९१६ साली संगीत नाटक म्हणून रंगभूमीवर उभा राहिला. इतक्या प्रवासात तसबीर तेवढी कोणी टाकून दिली नाही.

शेवटी सगळ्यांचे सगळे गैरसमज फिटतात. पात्रांसाठी तो मोठा क्षण असतो, परंतु आमच्या रांगेत फारसे कोणी हसले नाही. आई तर तोवर अंधारात चाचपडत चष्म्याचे घर शोधू लागली होती.