त्रेपन्न रविवार आणि बारा झाडे

२०१२ साली १ जानेवारी रविवारी आली होती. त्या सकाळी मी नव्या डायरीच्या पहिल्या पानावर लिहिले, ‘या वर्षी दर रविवारी ब्लॉगवर एक लेख.’ कॅलेंडर चाळताना लक्षात आले की त्या वर्षात रविवार ५२ नसून ५३ आहेत आणि त्याचाही मला आनंदच झाला. पुण्यातील झाडांविषयीचा माझा ब्लॉग तोवर अडीच वर्षांचा झाला होता. २००९ च्या पावसाळ्यात तो सुरू केला तेव्हा आठवड्याला दोन-दोन लेख सहज लिहून होत असत, पण २०११ मध्ये नऊ लेखांवरच गाडी अडली आणि त्या नवांपैकी दोन तर ‘बऱ्याच दिवसांत लिहिता आले नाही’ एवढेच सांगणारे होते. आता स्वतःला शिस्त लावायची असे मी ठरवले आणि शिस्त लागलीही. वर्षअखेरीस ५३ लेख पूर्ण झाले, एकही रविवार चुकला नाही, आणि तरीही माझ्या ब्लॉगचे ते सर्वांत कच्चे वर्ष होते असे आज मला म्हणावे लागते.

असे का झाले हे सांगण्यासाठी त्या वर्षीच्या दसऱ्याची हकीकत सांगणे भाग आहे. दसरा २४ ऑक्टोबरला, बुधवारी होता. त्याच्या आधीच्या रविवारी आपट्यावर लिहायचे हे महिनाभर मनात होते, परंतु शनिवारी रात्री साडेदहा वाजले तरी एक ओळही लिहून झाली नव्हती. मजकूर कसाबसा जुळवला आणि छायाचित्रासाठी संगणकातील जुने फोल्डर उघडले. त्यात एका सोसायटीच्या कुंपणालगत काढलेले, दोन भागांत दुभंगलेल्या पानाचे सुरेख छायाचित्र मिळाले. फाइलचे नाव ‘आपटा बहुतेक’ असे होते. ते नाव मीच दिलेले होते, म्हणजे छायाचित्र काढताना माझी खात्री नव्हती, हे त्या एका शब्दात नोंदलेले होते. मी तो शब्द पुसला आणि छायाचित्र लेखात टाकले.

ते पान कांचनाचे होते. आपटा आणि कांचन ही एकाच कुळातील, किंबहुना एकाच प्रजातीगटातील भावंडे आहेत आणि दोघांचीही पाने टोकाकडून दुभंगलेली असतात, त्यामुळे घाईत फसगत होते. मात्र दोन्ही पाने हातात घेतली की फरक लपत नाही. आपट्याचे पान लहान असते, त्याची रुंदी लांबीपेक्षा जास्त भरते, ते जाडसर असते आणि बोटाला किंचित खरखरीत लागते. कांचनाचे पान बरेच मोठे आणि तुलनेने मऊ असते. दसऱ्याला बाजारात ‘सोने’ म्हणून कांचनाच्या फांद्या सर्रास विकल्या जातात, हे खरे तर त्याच लेखात मी तक्रारीच्या सुरात लिहिले होते. दोन दिवसांनी आमच्याच परिसरातील एका सूचनाफलकावर माझ्या लेखाची छापील प्रत लावलेली दिसली आणि दसऱ्याच्या सकाळी कोपऱ्यावरच्या कांचनाच्या खालच्या सगळ्या फांद्या ओरबाडून नेलेल्या दिसल्या. त्या फांद्या माझ्याच लेखामुळे गेल्या असे मी छातीठोकपणे म्हणू शकत नाही, परंतु त्या झाडाखाली उभे असताना मला दुसरे काही सुचत नव्हते. संध्याकाळी वनस्पतिशास्त्राच्या एका निवृत्त शिक्षकांचा प्रतिसाद आला, ‘लेख चांगला आहे, पान मात्र कांचनाचे आहे.’ त्यांनी एका शब्दानेही टोचले नव्हते, आणि म्हणूनच ते अधिक लागले.

लेख काढून टाकणे सोपे होते. मी तो ठेवला, वरच्या बाजूला तारीख घालून दुरुस्ती लिहिली, चुकीचे छायाचित्र तसेच ठेवून त्याखाली ‘हे कांचन आहे’ असे लिहिले आणि शेजारी आपट्याचे छायाचित्र दिले. आजही त्या पानावर सर्वाधिक वाचक दसऱ्याच्या आठवड्यातच येतात आणि त्यांना दोन्ही पाने एकमेकांशेजारी पाहायला मिळतात. पुढे मी त्या वर्षीचे उरलेले लेखही तपासले. किमान सहा लेखांत झाडाच्या फुलोऱ्याचा काळ स्वतः न पाहता लिहिलेला होता, आणि चार लेख मागच्याच मजकुराची शब्द बदलून केलेली मांडणी होती. संकल्पाने माझ्याकडून लेख मागितला होता, खात्री मागितली नव्हती, आणि मी जे मागितले तेवढेच दिले.

यानंतर ब्लॉगसाठी काही ठरवणेच सोडून द्यावे असे मला वाटले होते आणि वर्षभर तसे केलेही. ठरवणे सोडल्यावर लिहिणेही सुटले. तेव्हा प्रश्न संकल्प करावा की करू नये हा नसून कशाचा करावा हा आहे, हे मला हळूहळू उमगले, आणि ते उमगण्यात एका जुन्या लेखकाचा मोठा वाटा आहे. गोपाळ हरी देशमुख यांनी ‘लोकहितवादी’ या नावाने १८४८ ते १८५० या काळात मुंबईच्या ‘प्रभाकर’ साप्ताहिकात १०८ पत्रे लिहिली. शतपत्रे म्हणून ती आपण सारे ओळखतो. लेखन सुरू केले तेव्हा त्यांचे वय पंचवीस होते आणि ते सरकारी नोकरीत होते. ही पत्रे सलग वाचली की दोन गोष्टी ठळकपणे जाणवतात. एक म्हणजे, पत्र आटोपशीर असते, एक मुद्दा घेते आणि तो सांगून थांबते. दुसरी गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते. विद्या, पंडितांचे ज्ञान, विधवांचा पुनर्विवाह या त्याच त्या विषयांकडे ते पुन्हा पुन्हा वळतात. नवा विषय सापडलाच पाहिजे अशी धडपड तिथे दिसत नाही, जे सांगायचे आहे ते पुरते सांगून झालेले नाही ही तळमळ दिसते. अर्थात त्यांच्यासमोर भाऊ महाजनांसारखे संपादक होते आणि साप्ताहिकाचा अंक निघण्याचा ठरलेला दिवस होता. आपल्या ब्लॉगला संपादक नसतो आणि अंकाचा दिवसही नसतो, म्हणून ती दोन्ही कामे आपल्यालाच अंगावर घ्यावी लागतात. २०१२ मध्ये मी दिवस घेतला होता आणि संपादक विसरलो होतो.

म्हणून २०१४ च्या पाडव्याला मी लेख मोजणे थांबवले आणि झाडे ठरवली. घरापासून ऑफिसपर्यंतच्या वाटेवरची आणि वेताळ टेकडीवरची मिळून बारा झाडे निवडली. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी त्या बाराही झाडांकडे जायचे, वहीत नोंद करायची आणि त्यांपैकी ज्याच्याविषयी खरोखर काही सांगण्यासारखे असेल त्या एकावर लिहायचे, असा नेम केला. जाणे चुकवायचे नाही, लिहिणे चुकले तर चालेल. ब्लॉगला मराठीत कोणी अनुदिनी म्हणतात, कोणी जालनिशी म्हणतात. मला जालनिशी हा शब्द अधिक जवळचा वाटतो, कारण त्यात रोजनिशी आहे आणि रोजनिशी ही मुळात लिहिण्याआधी पाहण्याची सवय आहे.

या नेमाचे फळ काय असते ते बहाव्याने दाखवले. आमच्या वाटेवर एका जुन्या बंगल्याच्या फाटकाशी बहाव्याचे झाड आहे. त्याचा पहिला पिवळा घोस दिसला की मी तारीख लिहितो. बहावा फुलला की पंचेचाळीस दिवसांत पाऊस येतो असे आपल्याकडे सांगितले जाते आणि उन्हाळ्यात तो संदेश फोनवरून हमखास फिरतो. दोन-तीन वर्षांच्या नोंदी होत्या तोवर मीही ते उत्साहाने लिहिले होते. नोंदी दहा वर्षांच्या झाल्या तेव्हा त्या समोर मांडल्या आणि दिसले की या एका झाडाच्या पहिल्या घोसाची तारीख वर्षागणिक आठवडा-दोन आठवड्यांनी मागेपुढे होते, आणि पुण्यात पाऊस येण्याचा दिवस त्या हिशेबाने हलत नाही. एका झाडावरून निष्कर्ष काढू नये हे मला कळते, आणि लेखातही मी ते तसेच लिहिले. परंतु तो लेख लिहिता आला तो दहा वेळा त्याच फाटकाशी जाऊन उभा राहिलो म्हणून. कितीही रविवार एकापाठोपाठ एक लेख पाडले असते तरी तो लिहिता आला नसता.

जुन्या लेखांची डागडुजी हाही ब्लॉग चालू ठेवण्याचाच भाग आहे असे मी आता मानतो आणि महिन्याला एक जुना लेख त्यासाठी काढतो. हे काम कोणाला दिसत नाही, म्हणूनच ते मागे पडते. २०१७ मध्ये एका वाचकाने विचारले की टेकडीवरच्या ऑस्ट्रेलियन बाभळीवर तुम्ही काहीच कसे लिहिले नाही. मी त्यावर तीन लेख लिहिले होते. ब्लॉगच्या शोधचौकटीत ‘ॲकेशिया’ हा शब्द टाकला तर त्यांतला एकही येईना. बराच वेळ गेल्यावर कारण सापडले. युनिकोडमध्ये ‘ॲ’ हे स्वतंत्र अक्षर २००८ साली, ५.१ या आवृत्तीत आले. माझ्या तेव्हाच्या कळफलकात ते नव्हते, म्हणून मी आधी ‘अ’ आणि मग त्यावर चंद्र असे टंकत असे. डोळ्यांना दोन्ही जवळजवळ सारखेच दिसतात, संगणकाला मात्र ते दोन निराळे शब्द आहेत. त्यानंतर चार रविवारच्या दुपारी मी एकेक लेख उघडून ते अक्षर बदलले. मराठीत लिहिणाऱ्या ज्यांचे लेखन तितके जुने आहे, त्यांनी आपले ‘ॲ’ एकदा अवश्य तपासावेत.

छायाचित्रांची गोष्ट याहून दुखरी आहे. पहिल्या दोन वर्षांतील छायाचित्रे मी एका विनामूल्य सेवेवर ठेवली होती आणि लेखात केवळ त्यांचे दुवे दिले होते. ती सेवा बंद झाली आणि साठहून अधिक लेखांत रिकाम्या चौकटी उरल्या. बॅकअप म्हणून मी जी फाइल उतरवून ठेवली होती तिच्यात मजकूर होता, प्रतिसाद होते, पण छायाचित्रांच्या जागी तेच मेलेले दुवे होते. इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये माझ्या काही पानांच्या जुन्या प्रती सापडल्या आणि त्यांतून अकरा छायाचित्रे परत मिळाली. रस्तारुंदीकरणात गेलेल्या एका वडाचे छायाचित्र त्या अकरांत आहे. बाकीची गेली. तेव्हापासून मूळ छायाचित्रे मी घरी दोन ठिकाणी ठेवतो आणि दर पाडव्याला सगळ्या ब्लॉगची प्रत नव्याने काढून, ती उघडून पाहतो. उघडून पाहणे महत्त्वाचे आहे.

वाचकसंख्येविषयी थोडेच सांगतो. आकडे मी वर्षातून एकदा पाहतो. लोकांनी किती वाचावे हे माझ्या हातात नाही, आणि जे हातात नाही ते डायरीच्या पहिल्या पानावर लिहू नये असे माझे मत झाले आहे.

मधल्या काळात, २०१८ मध्ये, वडिलांच्या आजारपणात चौदा महिने ब्लॉगवर एक अक्षरही उमटले नाही. त्या काळात बाराही झाडांकडे जाणे शक्य नव्हते, परंतु रुग्णालयाच्या तिसऱ्या मजल्यावरच्या खिडकीतून एक पर्जन्यवृक्ष दिसत असे आणि संध्याकाळी त्याची पाने मिटताना वडील आणि मी दोघेही पाहत असू. ‘मिटलं बघ,’ असे ते रोज म्हणत. परत लिहायला बसलो तेव्हा ‘बऱ्याच दिवसांत लिहिता आले नाही’ हे वाक्य पुन्हा बोटांशी आले. ते मी लिहिले नाही. त्या पर्जन्यवृक्षावर लिहिले, आणि खंड का पडला हे वाचकांना त्यातूनच समजले. ज्यांचा ब्लॉग असा थांबलेला आहे त्यांना मी मनापासून सांगेन की क्षमा मागणारा लेख लिहून सुरुवात करू नका. मधल्या काळात जे पाहिले त्यापासून सुरू करा.

या वर्षी बारा झाडांच्या यादीत एक बदल करावा लागला. टेकडीच्या पायथ्याचा जुना वावळ गेल्या पावसाळ्यात उन्मळून पडला आणि त्याच्या जागी कोणते झाड घ्यावे हे ठरत नव्हते. डिसेंबरच्या फेरीत त्या पडलेल्या खोडापासून वीस-पंचवीस पावलांवर, गिरिपुष्पाच्या दाटीत, कमरेएवढे एक वावळाचे रोप दिसले. चपट्या, कागदासारख्या पातळ फळातले ते बी वाऱ्यावर तिथवर आले असावे, कदाचित त्याच झाडाचे असेल. यादीत त्या रोपाचे नाव घातले आहे. त्याला फळ धरायला किती वर्षे लागतील ते दिसेलच. पहिली नोंद येत्या रविवारी करायची आहे आणि सोबत मोजपट्टी न्यायची आहे.