तंबोऱ्याची जोडी, रेल्वे आणि लाँच

मिरजेहून अलिबागजवळच्या चौलला तंबोऱ्याची जोडी पोचवायची म्हटल्यावर सगळ्यांनी एकच विचारलं, सरळ गाडी का करत नाहीस? वडखळमार्गे दणके खाऊ घालायला माझा जीव धजत नाही. तंबोऱ्याचा भोपळा पंढरपूर-मंगळवेढ्याकडचा, वाळला की अंड्याच्या टरफलागत. म्हणून रात्रीची रेल्वे आणि पुढे मुंबईच्या गेटवेवरून लाँच. पावसाळ्यात लाँच बंद, त्यामुळे जोडी दसऱ्यानंतरच निघाली.

तंबोरा हलकाच असतो, जड असते ती लाकडी पेटी. रेल्वेच्या नियमात डब्यात न्यायची पेटी १०० बाय ६० बाय २५ सेंटिमीटरची. मर्दानी, म्हणजे पुरुषी आवाजाचा मोठा तंबोरा पाच फुटांच्या आसपास, आणि २५ सेंटिमीटरच्या पेटीत मावणारा भोपळा आम्ही मर्दानीला हातात धरत नाही. एक पेटी माझ्या वरच्या बर्थवर झोपली, दुसरीला पाठ लावून मी खाली रात्र काढली. "आत कपाट आहे का हो?" एका काकांनी विचारलं. तपासनीस आले, मी जवारी म्हणजे तारा टेकतात ती घोडी घासून आणलेला झणकार, खरज म्हणजे खालच्या षड्जाची तार, असं बरंच समजावलं, ते कंटाळून पुढे गेले. मुंबईत हमालाने वजनावर नाही, लांबीवर पैसे मागितले. बरोबरच मागितले. २०२४ मध्ये आमच्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, त्याने पेटी जिन्यावरून उतरत नाही.

गेटवेला ओहोटी. पायऱ्या बुळबुळीत, आणि आमची लाँच दुसऱ्या लाँचच्या पलीकडे लागलेली. म्हणजे पेट्या एका बोटीवरून दुसऱ्या बोटीवर, मधली फट पायाखाली उघडमीट करतेय. खलाशाने पेटी इंजिनवरच्या फळीवर ठेवायला घेतली. "दादा, तिथं नको, उष्णतेनं सरस सुटतो!" तो हसला. मांडव्यापर्यंत तासभर मी दोन्ही पेट्या धरून उभा.

चौलला जोडी घेणाऱ्या बाईंनी तारा छेडल्या आणि माझ्याकडे पाहिलं. "मिरजेत ऐकला तो हा नाही." खरं होतं. दमट हवेत भोपळ्यावरची लाकडी तबली किंचित फुगते, तार घोडीवर टेकण्याचा कोन बदलतो, मधल्या दोन जोडीच्या तारा मोकळ्या वाजेनात. मी तारांखालचे दोरे सरकवून पाहिले, सूत बदललं. थोडा फरक, पण तो गुंजारव नाही.

आमच्या चाचांचा दंडक आहे: पेटीतून निघालेल्या वाद्याला एक रात्र द्यायची, तोवर घोडीला कानस लावायची नाही. पण बाईंची बैठक त्याच संध्याकाळी होती, पाहुणे निघालेले होते. मी कानस काढली. केसाइतकं घासायचं, तार चढवायची, ऐकायचं, उतरवायची, पुन्हा घासायचं. तासाभराने तार बोलली. बैठक रंगली.

मिरजेत आल्यावर चाचांनी प्रवास कसा झाला हे विचारलंच नाही. "किती काढलंस?" एवढंच. सांगितलं तर गप्प बसले. दमट हवेला लावलेली जवारी कोरड्या हवेत काय करेल, हे त्यांना ठाऊक आहे, मलाही. पण दारात पाहुणे असताना "उद्या सकाळपर्यंत थांबा" असं बाईंना कोण म्हणणार होतं?

काल बाईंचा फोन आला. खरज जरा किरकिरतोय म्हणाल्या, जोडी लाँचने परत पाठवू का?

मी म्हटलं, बाई, जोडी तिथंच राहू द्या. कानस घेऊन मीच येतो.