जोड्या लावा

गुरुवार, रात्री साडेदहा

लेकीची उद्या इतिहासाची चाचणी. जेवणं उरकून तिला १८५७ विचारत बसले होते. जोड्या लावायच्या. डावीकडे कुंवरसिंह, बेगम हजरत महल, खान बहादूर खान, राणी लक्ष्मीबाई, तात्या टोपे. उजवीकडे गावं. पेन्सिलीने रेघा ओढत चालली होती: जगदीशपूर, लखनौ, बरेली, झाशी. तात्यांपाशी थांबली. "आई, कानपूर तर नानासाहेबांचं ना?"

गाईडात कानपूरच दिलंय. पण मला हसू आलं, कारण तात्या आपल्या येवल्याचे. पैठणीच्या येवल्याचे!

मग माझं लक्ष त्या रकान्यावरच खिळलं. यातली बहुतेक गावं त्या त्या माणसाच्या हातून सुटलेली. कुंवरसिंहाचंच बघा. बिहारमधला कर्जात रुतलेला जमीनदार, वय ऐंशीच्या घरात. जुलै १८५७ मध्ये दानापूरचे शिपाई उठले, शोण ओलांडून आऱ्याला आले, आणि या म्हाताऱ्याने त्यांचं पुढारपण घेतलं. ऑगस्टमध्ये जगदीशपूर गेलं. आपल्याकडे त्या वयात माणूस नातवाच्या मुंजीच्या याद्या करतो. हा रीवा, बांदा, काल्पी, लखनौ करत पार आझमगडला लढला. एप्रिल १८५८ मध्ये परतताना गंगा ओलांडताना हाताला गोळी लागली. स्वतःच्या तलवारीने हात तोडून त्याने गंगेला वाहिला, असं तिकडे सांगतात. २३ एप्रिलला जगदीशपूरजवळ इंग्रजांच्या तुकडीला हरवलं आणि तीन दिवसांत, २६ला, गेला. त्याची जोडी मात्र खरी. गाव परत मिळवून गेला.

हजरत महल लखनौ सोडून नेपाळात गेल्या आणि १८७९ मध्ये काठमांडूला वारल्या. खान बहादूर खानांना १८६० मध्ये फाशी झाली, ती बरेलीतच.

तात्यांना तर उजवा रकानाच पुरत नाही. जून १८५८ मध्ये ग्वाल्हेर पडलं, राणी गेल्या. त्यानंतर दहाएक महिने हा माणूस राजपुताना, माळवा, बुंदेलखंड असा पळत, वळत, चकवत राहिला. ऑक्टोबरमध्ये नर्मदा ओलांडून दक्षिणेत उतरला, तेव्हा मुंबई सरकारची झोप उडाली. पेशव्यांचं नाव घेऊन मराठी मुलखात शिरला तर? पण वाटा अडल्या, पुन्हा नर्मदेपलीकडे जावं लागलं. शेवटी सोबतीचा नरवरचा सरदार मानसिंह याने दगा दिला आणि १८ एप्रिल १८५९ रोजी शिवपुरीला फाशी.

त्याच काळात इकडे नाशिक-नगर भागात भागोजी नाईक भिल्लांना घेऊन इंग्रजांशी झुंजत होता. येवल्यापासून हाकेच्या अंतरावर म्हणा ना. तात्या तिथवर पोचले असते तर, असं उगाच मनात येत राहतं. भागोजीचं नाव या प्रश्नात नाही, म्हणजे पाठ करायलाही नाही.

हे सगळं तिला सांगितलं. अर्धं ऐकलं, मग जांभई देत म्हणाली, "मग येवला लिहू?"

म्हटलं, कानपूरच लिही. एका मार्काचा प्रश्न आहे.