टेबलावरचे फितूर

टेबलावर सामुराईंची लढाई खेळायची म्हणजे आधी काही महिने नुसतं रंगकाम. एकेक सैनिक 28 मिलिमीटरचा, डोळ्यांच्या जागी ब्रशचा एकच केस टेकवायचा. सरदार रंगवताना हात रंगतो: होंडा तादाकात्सुच्या शिरस्त्राणावर हरणाची शिंगं, दाते मासामुनेच्या कपाळी चंद्रकोर, ई नाओमासाची फौज तर नखशिखांत लाल. पण सैन्यात खरा भरणा आशिगारूंचा, म्हणजे साध्या पायदळाचा. तीच शंकूसारखी टोपी, तेच चिलखत, तोच माणसाच्या तिप्पट लांब भाला. दहावा आशिगारू रंगवेपर्यंत जपानच्या इतिहासाबद्दलचं प्रेम ओसरायला लागतं. त्यात प्रत्येकाच्या पाठीवर निशाण. सानादा घराण्याच्या निशाणावर सहा नाणी असतात, मेल्यावर सान्झु नदी ओलांडायचं भाडं म्हणून. नखाएवढ्या कागदावर भोकांसकट सहा नाणी काढताना वाटतं, या लोकांनी उधारीवर नदी ओलांडली असती तर बरं झालं असतं.

खेळ त्या मानाने सोपा. चाल इंचाच्या टेपने मोजायची, तोडेदार बंदुकीचा नेम फाशांवर ठरवायचा, बार काढला की पुढची पाळी ती भरण्यात घालवायची. पळापळ, घाबरगुंडी, थकवा, सगळ्याला नियम आहेत. अडचण येते ती 21 ऑक्टोबर 1600 ची सेकिगाहाराची लढाई मांडली की. सकाळचं धुकं विरलं, आठच्या सुमारास लढाई जुंपली, आणि पश्चिमेच्या फौजेकडून लढायला आलेला कोबायाकावा हिदेआकी आपलं मोठं सैन्य घेऊन मात्सुओच्या डोंगरावर नुसता बसून राहिला. वय विशीच्याही आतलं. पश्चिमेच्या इशिदा मित्सुनारीला वाटे तो आपला, पूर्वेच्या तोकुगावा इएयासुला वाटे तो आपला, आणि याचं दुपारपर्यंत तळ्यात-मळ्यात. शेवटी तो उतरला तो स्वतःच्याच बाजूवर.

आता हे टेबलावर कसं आणायचं? मित्सुनारी खेळणाऱ्याला शेवट ठाऊक असतो. तो पहिल्याच पाळीला निम्मं सैन्य डोंगराकडे तोंड करून उभं करतो. समोरचा ओरडतो, "ही लबाडी आहे!" लबाडी म्हणावी तर मित्सुनारीच्याच बाजूच्या ओतानी योशित्सुगुने प्रत्यक्षात तेच केलं होतं. आजाराने जर्जर झालेला, पालखीतून रणात आलेला हा माणूस. त्याला हिदेआकीचा संशय होता आणि त्याने आपली फळी तशीच मांडली. पहिला धक्का तिने झेललाही. मग शेजारचे चार छोटे सरदारही उलटले आणि ओतानीचं सगळं संपलं.

आम्ही हिदेआकी फाशांवर सोपवला आहे. दर पाळीला एक फासा. इएयासुने डोंगराच्या दिशेने बंदुका झाडल्या तर त्यात एकाची भर. ही गोळीबाराची गोष्ट नंतरच्या बखरींमधली, आजचे अभ्यासक तिच्यावर फारसा विश्वास ठेवत नाहीत. खेळाला मात्र ती फार सोयीची आहे, म्हणून ठेवली. एकदा हिदेआकी शेवटपर्यंत उतरलाच नाही. मित्सुनारी जिंकला आणि जिंकणाऱ्यालाच चुकल्यासारखं झालं.

पश्चिमेच्याच मोरी घराण्याची तऱ्हा याहून भारी. नान्गूच्या डोंगरावर पुढे किक्कावा हिरोइए. त्याने इएयासुशी आतून बोलणी केलेली, त्यामुळे तो वाट अडवून बसला. मागच्या मोरी हिदेमोतोला निघण्याचे निरोपावर निरोप. त्याने म्हणे उत्तर धाडलं की शिपाई जेवताहेत. जपानमध्ये या जेवणाच्या डब्याची अजून थट्टा होते. आमच्यात मोरींचं सैन्य नवख्याच्या वाट्याला येतं. मागच्या खेपेला आलेल्या सांगलीच्या मित्राने अख्खी दुपार भडंग खाल्लं आणि हालला नाही. इतका इतिहासनिष्ठ खेळाडू मी पाहिलेला नाही.

माझा जीव मात्र शिमाझु योशिहिरोवर. पश्चिमेची फळी कोसळल्यावर तो मागे न पळता समोरून, विजयी सैन्याला भेदून निघाला. वाटेत काही माणसं थांबायची, मरेपर्यंत लढायची, बाकीचे पुढे. पाठलागात लाल फौजेच्या नाओमासालाच गोळी लागली. हा प्रसंग आम्ही वेगळा खेळतो, नियम एकच: योशिहिरो टेबलाच्या पलीकडच्या काठाबाहेर पडला की शिमाझु जिंकले. बाकी किती मेले ते मोजायचं नाही. माझा योशिहिरो अजून एकदाही बाहेर पडलेला नाही, आणि भडंगवाल्याचा पहिल्याच डावात पडला.