एका साच्यातल्या दोन शिवराया

मागच्या नोंदीत मी छातीठोकपणे लिहिलं होतं की दिवाळीपर्यंत शिवरायांचा, म्हणजे मराठेशाहीतल्या तांब्याच्या नाण्यांचा, ट्रे भरून दाखवतो. ट्रे भरला नाहीच, उलट त्यातून पाच नाणी गेली. भरली ती बनावट नाण्यांविरुद्धच्या तक्रारींची एक दोनशे पानी वही. मुलीने तिच्यावर स्केचपेनने 'बाबांची भांडणं' असं नाव घातलंय आणि ते खोडायला मला तरी कारण सापडलेलं नाही.

जून

ऑनलाइन लिलावात पाच शिवरायांचा लॉट ३,८०० रुपयांना माझ्या नावावर सुटला. वर्णन नेहमीचंच: आजोबांच्या पेटीत सापडल्या, जशा आहेत तशा, परत घेणार नाही. (या आजोबांच्या पेट्यांचं एकदा कुणीतरी संशोधन करायला हवं. आमच्या आजोबांच्या पेटीत भाडेपावत्या आणि डांबराच्या गोळ्या निघाल्या.) फोटो बरे होते. एका बाजूला 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूला 'छत्र पति', टिंबांचं वर्तुळ अर्धवट दिसणारं. रंग मात्र पाचांचाही एकसारखा चॉकलेटी. तिथेच मनात पाल चुकचुकायला हवी होती. पण लिलावाची शेवटची दोन मिनिटं म्हणजे माणसाची अक्कल गहाण पडायची वेळ.

पार्सल आलं. पाचही नाणी पांढऱ्या कागदावर ओळीने मांडली आणि चहा घेऊन बसलो. दोन नंबरची आणि पाच नंबरची शेजारीशेजारी आली तेव्हा कप खाली ठेवला. दोघींच्या कडेला, घड्याळात चार वाजतात तिथे, तांदळाच्या कणीएवढा टवका. दोघींच्याही 'श्री'ची वेलांटी एकाच जागी कापलेली. 'राजा'च्या खाली एक तिरपा ओरखडा, तोही दोघींना.

नव्याने आलेल्या मंडळींसाठी इथे थोडं थांबतो. शिवराई हाताने पाडलेलं नाणं. खालचा ठसा ठोकळ्यात बसवलेला, त्यावर तांब्याचा तुकडा, वर दुसरा ठसा आणि मग हातोडा. तुकडा ठशापेक्षा लहान, त्यामुळे अक्षरं कुठेतरी कापली जाणारच. कुठे कापली जातील ते कारागिराच्या हातावर आणि त्या घटकेवर. एकाच ठशातून शेकडो नाणी निघत, म्हणून अक्षरांचं वळण दोन नाण्यांवर हुबेहूब जुळलं तर नवल नाही. पण तांब्याच्या तुकड्याचा आकार, कडेची चीर, ठसा किती सरकून बसला आणि नंतर हातोहात फिरून पडलेले ओरखडे, हे सगळं दोन नाण्यांत जुळणं शक्यच नाही. जुळलं, तर दोन्ही एका साच्यात ओतलेली. निदान एक तरी नक्कीच.

मग भिंग घेऊन उरलेल्या तिघींकडे वळलो. दोघींची कड कानशीने घासलेली होती. ओतकामाची शिवण लपवायला हेच करतात. अक्षरांच्या कडा साबणाच्या वडीसारख्या गुळगुळीत आणि मधे टाचणीच्या टोकाएवढे खड्डे. कापसाच्या बोळ्यावर असिटोन घेऊन पुसलं तर तो चॉकलेटी रंग बोळ्यावर उतरला आणि खाली लालभडक तांबं. उरलेली एक मात्र खरी निघाली. वजन ११.८४ ग्रॅम, 'छत्र'च्या खाचेत खरा, न निघणारा हिरवट थर. चार खोट्यांत एक खरी मुद्दाम घातलेली. फोटोत तीच सगळ्यात पुढे होती.

जुलै

पहिली तक्रार मी रागात लिहिली: 'मी पंधरा वर्षं नाणी जमवतो, ही नाणी बनावट आहेत, या माणसाला काढून टाका.' दोन दिवसांनी उत्तर आलं की तपासणीत नियमभंग आढळला नाही. त्यांचंही बरोबरच आहे. ज्याच्यासमोर ही तक्रार उघडते त्याने सकाळपासून खोटे बूट, खोटी अत्तरं, खोटे चार्जर पाहिलेले. शिवराई म्हणजे काय हे त्याला माहीत असायचं कारण नाही आणि माझ्या पंधरा वर्षांशी त्याला देणंघेणं नाही.

दुसऱ्यांदा लिहिताना ठरवलं, नाण्यातलं ओ की ठो कळत नाही अशा माणसाला पटेल एवढंच लिहायचं. दोन्ही नाण्यांचे फोटो शेजारीशेजारी, तीन जागी लाल गोल. खाली एवढंच: 'विक्रेता ही दोन वेगवेगळी, हाताने बनवलेली जुनी नाणी म्हणून विकतो आहे. गोल केलेल्या तीन खुणा अपघाताने झालेल्या आहेत. दोन वेगळ्या वस्तूंवर तेच तीन अपघात, त्याच जागी, त्याच मापाचे होत नाहीत.' ना इतिहास, ना महाराजांचं नाव, ना माझा अनुभव. चौथ्या दिवशी त्या विक्रेत्याचे शिवराईचे सगळे लॉट उतरले.

या एका कागदामुळे माझी पद्धतच बदलली. आता 'खोटं आहे' असं मी लिहीतच नाही. जुळी शोधतो आणि दाखवतो.

त्या टवक्याच्या नाण्याला घरात 'नकटी' नाव पडलं. संपलेल्या लिलावांचे फोटो चाळायला लागलो. रात्री जेवण झाल्यावर तासभर, बायकोची मालिका चालू असताना. महिनाभरात नकटीच्या अकरा बहिणी सापडल्या, तीन वेगवेगळ्या विक्रेत्यांच्या नावांवर. कुणी हिरवा रंग दिलेला, कुणी चिंचेने घासून चकचकीत केलेली, एक तर पदक करून साखळीत ओवलेली. टवका सगळ्यांचा चार वाजता.

पैशांचं सांगायचं तर, ई-कॉमर्सच्या २०२० च्या नियमांप्रमाणे तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात व्हायला हवं. पोच आली, पुढे सामसूम. मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, फोन लावून तक्रार नोंदवली. तिसऱ्या आठवड्यात पैसे परत आले, टपालखर्च सोडून. अट एकच, माल परत पाठवायचा.

इथे मी दोन दिवस अडून बसलो. खोटी नाणी परत पाठवायची म्हणजे आपल्याच हाताने पुढच्या गिऱ्हाइकाच्या गळ्यात बांधायची. त्यावर काही कोरून पाठवावं तर 'मालाची नासधूस' म्हणून पैसे अडकणार. शेवटी प्रत्येक नाण्याचे दोन्ही बाजूंचे आणि कडेचे फोटो काढले, शेजारी पट्टी ठेवून. वजनं दोन दशांशांपर्यंत लिहिली आणि पाठवली. खरी शिवराई पाकिटात घालताना मात्र जिवावर आलं.

ऑगस्ट

स्वयंपाकघरातला महिना. रुपयांकडे वळलो. राणी व्हिक्टोरियापासून १९३९ पर्यंतच्या चांदीच्या रुपयाचं वजन ११.६६ ग्रॅम आणि चांदी बारात अकरा भाग. झिजलेला असला तर थोडा कमी भरतो. नुसतं वजन जुळवणं अवघड नाही, जाडी वाढवली की झालं. घनता जुळवणं मात्र अवघड.

सोनारी काटा आहे माझ्याकडे, ०.०१ ग्रॅमचा. त्यावर पाण्याने अर्धी भरलेली स्टीलची वाटी ठेवून आकडा शून्य करायचा. नाण्याला शिवणाचा दोरा बांधून पाण्यात सोडायचं. पूर्ण बुडालं पाहिजे, पण तळाला टेकता कामा नये, अंगाला बुडबुडा चिकटलेला नको, आणि पंखा बंद. काट्यावर उमटतो तो आकडा म्हणजे नाण्याने बाजूला सारलेलं पाणी. कोरड्या वजनाला त्या आकड्याने भागायचं. माझा खात्रीचा रुपया ११.६० भरला, पाण्यात १.१२, म्हणजे घनता १०.३६. या चांदीला हीच हवी. लिलावातून आलेला दुसरा १०.९२ आणि १.२५, म्हणजे ८.७४. ते पितळ असेल नाहीतर जर्मन सिल्व्हर, चांदी नव्हे. काट्यावरच्या आकड्यांचे फोटो तक्रारीला जोडले, लॉट दुसऱ्या दिवशी उतरला. भागाकार कुणालाही करून बघता येतो.

पण ही वाटी सगळीकडे कामाची नाही. १९३९ चा रुपया दुर्मिळ आणि १९३८ चा सहज मिळणारा, त्यामुळे १९३८ च्या शेवटच्या ८ ला कोरून ९ करणारे कारागीर आहेत. चांदी खरी, वजन खरं, घनता खरी, वाटीतलं पाणी गप्प. तिथे भिंगच हवं. त्या आकड्याच्या भोवतालची जमीन बाकीच्या आकड्यांभोवतीपेक्षा वेगळी, घासल्यासारखी दिसते. असा एक मी पकडला, पण फोटोत ते नीट दाखवता आलं नाही. तक्रार फेटाळली गेली आणि रुपया विकलाही गेला. वहीत त्याच्यापुढे लाल फुली आहे.

सप्टेंबर

हे लिहायला लाज वाटते, पण लिहितो. एका गृहस्थांनी १८६२ सालचे दोन रुपये लावले होते. दोन्हींवर मागच्या बाजूला सालाच्या आसपास बारीक टिंबं. मी म्हटलं, आलेत ओतकामाचे बुडबुडे. आणि दिली तक्रार ठोकून. लॉट थांबवला गेला.

दुसऱ्या दिवशी त्यांचा निरोप आला. शांतपणे लिहिलं होतं, 'अहो, ते बुडबुडे नाहीत. मुंबई टाकसाळीची टिंबं आहेत ती. जरा पुस्तक काढून बघा.' पुस्तक माझ्याच कपाटात होतं. १८६२ हे साल रुपयावर १८७४ पर्यंत तसंच छापत राहिले आणि खरं वर्ष कळावं म्हणून मुंबईने टिंबं घातली, हे मला तोंडपाठ असायला हवं होतं. नकटीच्या नादात डोळे जुळी शोधायला इतके सवकले होते की टाकसाळीची खूणही लबाडी वाटली. मी कळवून तक्रार मागे घेतली, त्यांची माफी मागितली. पण लॉट परत दिसायला चार दिवस गेले आणि तोवर बोली लावणारे पांगले होते. त्यांचं नुकसान झालं ते झालंच.

तेव्हापासून नियम केलाय: तक्रार लिहायची, पाठवायची नाही. आपल्यातल्या दुसऱ्या कुणाला तरी दाखवायची आणि मगच पाठवायची. वहीत आता डावीकडे 'कुणी पाहिलं' असा रकाना आहे.

ऑक्टोबर

राम-सीता-लक्ष्मण-हनुमान असलेले, 'ईस्ट इंडिया कंपनी, यूकेएल, वन आना' छापाचे बिल्ले या महिन्यात पुन्हा पुरासारखे आले. साल कधी १६१६, कधी १७१७, कधी १८१८. हे खोटं नाणंसुद्धा नव्हे, कारण असं खरं नाणं कधी नव्हतंच. १६१६ मध्ये कंपनीची सुरतेत वखार होती, राज्य नव्हतं. आणि १७१७ मध्ये मुंबईला रुपये पाडायची परवानगी मिळाली ती मुघल बादशहाच्या नावाने, फारसी अक्षरांत. यांना तांदूळ स्वतःकडे ओढणारं चमत्कारी नाणं म्हणून लाखांच्या बाता मारत विकणारेही आहेत. त्या 'राइस पुलर'वाल्यांच्या बाबतीत लिलावाच्या साइटकडे तक्रार करत बसू नका. पैसे गेले असतील तर सरळ १९३० वर सायबर पोलिसांना फोन. जुन्या नाण्या-नोटांच्या नावाने कमिशन आणि कर उकळणाऱ्यांबद्दल रिझर्व्ह बँकेनेही ऑगस्ट २०२१ मध्ये इशारा दिला होता.

एका परदेशी लिलावावर भारतातला विक्रेता शिवराया 'जगात कुठेही पाठवू' म्हणून विकत होता. त्यावर मला आवडलेली तक्रार आपल्यातल्याच एका वकीलबाईंनी लिहून दिली. शंभर वर्षांपेक्षा जुनं नाणं हे १९७२ च्या कायद्याने पुरावशेष, ते खाजगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. म्हणजे नाणं खरं असेल तर निर्यात बेकायदा, खोटं असेल तर फसवणूक. विक्रेत्याने कोणतं ते सांगावं. त्याने काहीच सांगितलं नाही, रातोरात लॉट काढला.

याच महिन्यात रात्री अकराला एक निरोप आला: 'भाऊ, आपल्याच माणसाच्या पोटावर का पाय देता?' मी लिहिलं, 'प्रतिकृती म्हणून विका, मी स्वतः चार घेतो, पोरांना किल्ल्यावर मांडायला.' उत्तर नाही.

आता

गेल्या आठवड्यात नकटी परत दिसली. विक्रेता नवा, आजोबा नवे, पेटी तीच. पाचांचा लॉट, आणि फोटोत सगळ्यात पुढे 'छत्र'च्या खाचेत हिरवट थर असलेली ती खरी शिवराई, पुन्हा त्या चौघींच्या घोळक्यात. जुलैत काढलेले फोटो, पट्टी, वजनं सगळं तयार होतं. मित्राला दाखवलं. तो म्हणाला, 'आधी लॉट घे, मग तक्रार कर, ती एक तरी सुटेल.' रात्रभर विचार केला. बोली २,१०० वर होती आणि बोली लावणाऱ्यांत एक नाव अगदी नवं, बहुधा आपल्यासारखाच कुणी पहिल्यांदा शिवराई घेणारा.

सकाळी सातला तक्रार पाठवली. दुपारी एकच्या आत लॉट गेला, आणि तीही गेली. ट्रेमधल्या पहिल्या खळग्यात मी कागदाची चकती ठेवलीय, तिच्यावर ११.८४ लिहून.

कुणाकडे चार वाजता टवका असलेली शिवराई असेल तर कडेचा फोटो पाठवा, शेजारी पट्टी ठेवून. आणि कृपा करून चिंचेने घासू नका.