पीयूचा दुसरा हात आणि सुटलेला पापुद्रा

टेबलाला आधी एनसी लॅकर, म्हणजे नायट्रोसेल्युलोजचं पॉलिश, मारलं होतं. मारायला सोपं, झटपट सुकतं, लाकूडही उठून दिसतं. पण गरम कप ठेवला की पांढरं वर्तुळ उमटायचं. म्हणून सगळं खरवडून काढलं आणि दोन भागांचं पीयू, म्हणजे हार्डनर मिसळून मारायचं पॉलियुरेथेन पॉलिश, आणलं.

सीलर (लाकडाची छिद्रं बुजवणारा तळाचा थर), सँडपेपर, पहिला हात, सगळं निर्विघ्न पार पडलं. डब्यावर मोठ्या अक्षरांत 'लवकर सुकते' लिहिलेलं. दुसरा हात किती वेळात द्यायचा, याबद्दल मात्र अवाक्षर नाही! मी दुसऱ्या दिवशी दिला. पहिला हात इतका गुळगुळीत बसला होता की पेपर मारायचं जिवावर आलं. आठवड्याने कडेला खुर्ची आपटली आणि तिथे टिकलीएवढा पांढुरका डाग दिसला. नख घातलं, तर वरचा थर कांद्याच्या पापुद्र्यासारखा वीतभर सोलून हातात आला. खाली पहिला हात जसाच्या तसा, चकचकीत.

लॅकरचा नवा हात जुन्याला थोडा विरघळवून त्याच्याशी एकजीव होतो. पीयूचं तसं नाही. ते हार्डनरशी रासायनिक क्रिया होऊन घट्ट होतं, आणि एकदा पक्कं झालं की नवा थर त्यात मुरत नाही. त्याला धरायला ओरखडेच लागतात. म्हणून दुसरा हात एक तर ठरलेल्या मुदतीत द्या, नाहीतर 320चा पेपर मारा, चकाकी पूर्ण जाऊन सगळीकडे सारखं मंद दिसेपर्यंत. कोपऱ्यात चमकता ठिपका राहिला तर पापुद्रा तिथूनच सुटणार. ही मुदत उत्पादकाच्या तांत्रिक पत्रकात असते. एक ओळ डब्यावर छापायला काय जातं? त्या एका ओळीपायी मी तीन दिवस घासत होतो, त्याचा राग अजून गेलेला नाही.

हे खरं तर आधी सांगायला हवं होतं: हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, त्याने दमा जडू शकतो. धुळीचा मास्क इथे उपयोगाचा नाही. बाहेरून स्वच्छ हवा पुरवणारा मास्क नसेल, तर पीयू फवारू नका, लॅकरच बरं. आणि काम संपल्या संपल्या फवारणीची गन धुवा. आत घट्ट झालेलं पीयू थिनरला दाद देत नाही.

या वेळी त्याच लाकडाच्या तुकड्यावर आधी सगळे हात दिले. आठवडाभर थांबून ब्लेडने बारीक चौकड्या पाडल्या, चिकटपट्टी दाबून बसवली आणि झटक्यात ओढली. एकही चौकोन उठला नाही. मगच टेबलाला हात लावला.