तो मुलगा आणि जर्मनी एकच आहेत का?

तुम्ही विचारलंत म्हणून सविस्तर लिहीत आहे. 'हेटालिया' ही जपानी चित्रकथा (मांगा) वाचणारे, त्यातही नुकतेच वाचू लागलेले वाचक, मला सर्वांत जास्त वेळा विचारतात तो प्रश्न असा: ऑस्ट्रियाच्या घरी राहणारा, छोट्या इटलीवर जीव टाकणारा तो काळ्या झग्यातला मुलगा, म्हणजे होली रोम (पवित्र रोमन साम्राज्याचे माणूसरूप), हाच पुढे मोठा होऊन जर्मनी झाला का? विचारणाऱ्याला बहुधा 'हो' ऐकायचे असते. माझे उत्तर 'नाही' असे आहे, आणि ते तसे का आहे हे सांगायला चित्रकथा आणि इतिहास दोन्हींचा आधार घ्यावा लागतो.

ज्यांनी ही मांगा वाचलेली नाही त्यांच्यासाठी आधी थोडे. हिदेकाझ हिमारुया यांनी ती आपल्या स्वतःच्या संकेतस्थळावर काढायला सुरुवात केली. २००८ साली गेन्तोशा या प्रकाशनसंस्थेने तिचा पहिला खंड छापला आणि २००९ च्या जानेवारीत स्टुडिओ दीनने केलेले तिचे छोटेछोटे अॅनिमे भाग येऊ लागले. तिच्यात देश हीच माणसे आहेत. इटली भित्रा, प्रेमळ आणि पास्त्यासाठी वेडा. जर्मनी शिस्तीचा आणि कष्टाळू. जपान अबोल आणि संकोची. आणि या तिघांची मैत्री दुसऱ्या महायुद्धाच्या काळात घडते. देशाला माणूस करणे आपल्याला नवे नाही. अवनींद्रनाथ टागोरांनी १९०५ साली भारतमाता रंगवली तेव्हापासून ती प्रतिमा आपल्या मनात घट्ट बसलेली आहे. पण भारतमातेपुढे आपण हात जोडतो. ती चुकते, रुसते, शेजाऱ्याशी भांडते अशी कल्पनाही आपण करत नाही. हिमारुयांचे देश मात्र चुकतात, घाबरतात, एकमेकांच्या घरी राहतात आणि जुने हिशेब मनात धरतात, म्हणून त्यांच्याविषयी 'हा याचा कोण लागतो' असा प्रश्न विचारता येतो. त्या प्रश्नाचे उत्तर कोणाला किती झोंबू शकते हेही सर्वांनी पाहिले आहे: दक्षिण कोरियात तिथल्या पात्राच्या चित्रणावरून संताप उसळल्यावर जपानच्या किड्स स्टेशन वाहिनीने ठरलेले प्रसारण रद्द केले होते आणि मालिका इंटरनेटवरून दाखवावी लागली होती.

आता त्या मुलाकडे येऊ. छोटा इटली ऑस्ट्रियाच्या घरी मोलकरणीच्या कपड्यांत राबतो आहे आणि होली रोम त्याला मुलगीच समजतो. त्याला इटलीशी एकरूप होऊन सर्वांत बलाढ्य राज्य उभारायचे आहे. इटली नकार देतो, आणि त्याचे कारण मोठे विलक्षण आहे: रोम आजोबा, म्हणजे प्राचीन रोमन साम्राज्य, खूप मोठे झाले होते, पण त्यांचे सगळे अंग जखमांनी भरलेले होते. पुढे होली रोम युद्धावर निघतो. निरोपाच्या वेळी इटलीकडे देण्यासारखे काही नसते, म्हणून तो हातातला फरशी घासायचा लांब दांड्याचा ब्रशच आठवण म्हणून पुढे करतो. मुलगा विचारतो की एखाद्यावर प्रेम असले तर काय करायचे असते. दोघे एकमेकांचे चुंबन घेतात. तो परत येण्याचे वचन देतो आणि इटली खूप गोडधोड करून वाट पाहीन असे सांगतो. तो परत येत नाही. कित्येक शतकांनंतर त्याच सोनेरी केसांचा आणि निळ्या डोळ्यांचा जर्मनी इटलीच्या आयुष्यात येतो, आणि जर्मनीच्या बालपणाविषयी मालिकेत फारसे सांगितलेले नाही. इतके धागे हाती आल्यावर वाचकाने ते जोडले नाहीत तरच नवल.

हे धागे खोटे आहेत असे मी म्हणत नाही. पण माणूस मेला की नाही हे ठरवायचा नियम या मांगात कुठेही दिलेला नाही, हे आधी मान्य करायला हवे. रोम आजोबा गेलेले आहेत आणि तरी अधूनमधून भेटायला येतात. उलट प्रशिया हे जर्मन राज्य मित्रराष्ट्रांच्या नियंत्रण मंडळाने २५ फेब्रुवारी १९४७ रोजी कायदा क्रमांक ४६ काढून रद्द केले, तरी प्रशिया हे पात्र खुशाल वावरते आहे. तेव्हा पवित्र रोमन साम्राज्य १८०६ साली विसर्जित झाले एवढ्यावरून तो मुलगा गेला असे सिद्ध होत नाही, आणि जर्मनी त्याच्यासारखा दिसतो एवढ्यावरून तो जगला असेही सिद्ध होत नाही. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. इथला देश म्हणजे तिथले सरकार नसते. राज्यकर्ता हा देशाचा 'बॉस' असतो, त्याचा हुकूम देशाला मानावा लागतो, आणि मनात एक असताना हातून दुसरे घडते. या मांगातली कुठलीही दोन पात्रे घ्या, त्यांचे एकमेकांवरचे प्रेम आणि त्यांना मिळालेला हुकूम वेगवेगळे काढून पाहिल्याशिवाय त्यांचे नाते कळत नाही.

होली रोमच्या बाबतीत हे वेगळे काढणे अवघड आहे, कारण त्याचे प्रेम हेच साम्राज्याचे धोरण होते. ओटो पहिला याने ९६२ साली रोममध्ये पोपच्या हातून सम्राटपदाचा मुकुट घातला, तेव्हापासून जर्मन राजांना इटलीची ओढ लागली ती सुटलीच नाही. फ्रेडरिक बार्बारोसा पुनःपुन्हा आल्प्स ओलांडून गेला आणि ११७६ साली लेन्यानो येथे लोम्बार्ड शहरांच्या संघाकडून हरला. त्याचा नातू फ्रेडरिक दुसरा सिसिलीत वाढला आणि जर्मन भूमीवर त्याने आयुष्याचा थोडाच काळ घालवला. १५२७ साली पाचव्या चार्ल्सच्या पगार थकलेल्या सैन्याने रोम लुटले, आणि १५३० साली त्याच चार्ल्सने बोलोन्यात पोपच्या हातून मुकुट स्वीकारला. जवळ घेणे आणि जखमी करणे यांत तीन वर्षांचेही अंतर नव्हते. हिमारुयांनी हा सगळा पसारा एका लाजाळू मुलाच्या अंगणातल्या पाठलागात बसवला आहे. इटली पळतो, मुलगा मागे धावतो आणि पळणाऱ्याला का पळावेसे वाटते हे त्याला उमगत नाही. हे कोवळे प्रकरण म्हणून वाचले तरी गोड लागते, पण रोम आजोबांच्या जखमांचे वाक्य लक्षात ठेवून वाचले तर त्याच पानांवर इटलीची भीतीही दिसू लागते.

या ओढीवरून जर्मन इतिहासकारांत एकोणिसाव्या शतकात मोठा वाद झाला होता, आणि तुमच्या प्रश्नाचे मूळ मला तिथे सापडते. १८५९ साली म्युनिकमध्ये हाइनरिख फोन सिबेल यांनी मांडले की मध्ययुगीन सम्राटांनी इटलीच्या मागे लागून जर्मन राष्ट्राचे नुकसान केले. हेच वर्ष ऑस्ट्रिया सोल्फेरिनोच्या रणांगणावर हरल्याचे होते, आणि सिबेल प्रशियाच्या नेतृत्वाखाली, ऑस्ट्रियाला वगळून, जर्मनी एक व्हावा या मताचे होते. ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुकहून युलिउस फिकर यांनी त्यांना १८६१ साली उत्तर दिले: त्या साम्राज्याला आजच्या राष्ट्राच्या मापाने मोजू नका, ते वेगळ्याच जातीचे, अनेक लोकांना सामावणारे राज्य होते. वाद शेकडो वर्षांपूर्वीच्या सम्राटांविषयी होता, पण दोघांच्याही डोळ्यांसमोर उद्याचा जर्मनी होता. तो मुलगा जर्मनीच होता का, हा प्रश्न म्हणजे त्याच वादाचा धागा आहे. मला फिकर यांचे म्हणणे अधिक पटते. चेक, इटालियन, डच, फ्रेंच भाषा बोलणाऱ्या मुलखांवरही कमीअधिक अधिकार सांगणारे ते साम्राज्य एका राष्ट्राचे बालपण होते असे म्हणणे म्हणजे बाकीच्यांना त्याच्या आठवणीतून घालवून देणे आहे.

शिवाय वारसाच पाहायचा तर तो ऑस्ट्रियाकडे जातो. १७४२ ते १७४५ ही तीन वर्षे सोडली तर १४३८ पासून शेवटपर्यंत सम्राटपद ऑस्ट्रियाच्या हाब्सबुर्ग घराण्याकडेच राहिले. नेपोलियनच्या आश्रयाने ऱ्हाइन संघ स्थापन झाला आणि त्यात सामील झालेल्या राज्यांनी साम्राज्य सोडले, तेव्हा ६ ऑगस्ट १८०६ रोजी फ्रान्सिस दुसरा याने सम्राटपद सोडले. पण ऑस्ट्रियाचा सम्राट ही पदवी त्याने दोन वर्षे आधीच घेऊन ठेवली होती. होली रोम ऑस्ट्रियाच्या घरात राहतो, घर त्याचे नसते, हे हिमारुयांनी फार नेमके टिपले आहे. साम्राज्याचा मुकुट आजही व्हिएन्नात होफबुर्ग राजवाड्याच्या रत्नभांडारात आहे. तो गोल नाही, अष्टकोनी आहे: बिजागऱ्यांनी जोडलेले आठ पत्रे, काहींवर मीनाकारीतली चित्रे, काहींवर नुसती रत्ने, आणि वरच्या कमानीवर बारीक मोत्यांनी गुंफलेले सम्राट कॉनराडचे नाव. १९३८ साली ऑस्ट्रिया गिळल्यावर नाझींनी हा मुकुट व्हिएन्नाहून न्यूरेम्बर्गला नेला. जुन्या साम्राज्याचे आम्हीच वारस, हे त्यांना जगाला दाखवायचे होते. युद्धानंतर, १९४६ साली, तो व्हिएन्नाला परत आला.

ही गोष्ट मी मुद्दाम सांगतो आहे. जर्मनी आणि तो मुलगा एकच, हा दावा वाचकांच्या आधी राजकारण्यांनी केलेला आहे. १८७१ साली उभ्या राहिलेल्या जर्मन साम्राज्याच्या भाटांनी सौम्यपणे आणि नाझींनी अत्यंत विषारी रीतीने. वाचक हा धागा प्रेमापोटी जोडतात आणि त्यांच्या मनात तसले काही नसते, हे मला पुरेपूर ठाऊक आहे. पण ज्या मांगाच्या मूळ नावातच 'अॅक्सिस पॉवर्स' (दुसऱ्या महायुद्धातली अक्षराष्ट्रे) आहे आणि जिच्यातला जर्मनी त्याच वर्षांतला आहे, तिच्यात हा वारसा त्याच्या पदरात टाकताना हात थोडा आखडायला हवा.

इतिहास बाजूला ठेवला तरी मला दोघांना वेगळे मानणेच कथेच्या दृष्टीने सरस वाटते. ते एकच असतील तर इटलीची प्रतीक्षा फळाला येते, एवढेच; गमावलेले परत मिळते आणि जर्मनीला आठवण यायची तेवढी बाकी राहते. ते वेगळे असतील तर इटली पहिले प्रेम गमावूनही, त्याच चेहऱ्याच्या परक्या माणसावर पुन्हा विश्वास टाकतो, आणि जर्मनीलाही इटलीने लावलेला लळा स्वतःच्या वागण्याने कमवावा लागतो. जुन्या वचनाच्या पुण्याईवर तो त्याला मिळत नाही. मग त्या मैत्रीची पुढची परीक्षाही आपल्याला टाळता येत नाही. ८ सप्टेंबर १९४३ रोजी इटलीचा युद्धविराम जाहीर झाला आणि कालच्या मित्राने इटालियन सैन्याला निःशस्त्र केले. सुमारे सहा लाख इटालियन सैनिक जर्मन छावण्यांत डांबले गेले आणि केफालोनिया बेटावर शरण आलेल्यांना गोळ्या घालण्यात आल्या. हिमारुयांच्या विनोदी पानांत याला जागा नाही. असल्या पानांकडून ती अपेक्षाही मी करत नाही, पण दोघांचे नाते उलगडायला बसलेल्या वाचकाने ते मनात ठेवूनच बसावे असे मला कळकळीने वाटते. रोम आजोबांच्या जखमा पाहून मोठे होण्याला नकार देणारा इटली त्याने समजून घेतला असेल, तर १९४३ चा इटलीही त्याला परका वाटणार नाही.

तुमच्यापैकी काहींचे म्हणणे असते की लेखकाने दोघांचे चेहरे उगाच सारखे काढलेले नाहीत. बरोबर आहे. सारखेपणा हेतुपूर्वक आहे आणि निर्णय वाचकावर सोडलेला आहे, असेच मलाही वाटते. म्हणून दोघांना एक मानून कोणी मन लावून कथा लिहिली तर मी ती आनंदाने वाचतो. चेहऱ्यातला सारखेपणा मी नात्याचा मानतो: एका घराण्यातली, एकाच भाषेत वाढलेली दोन मुले.

आणि जर्मनी हा नवा मुलगा मानला की प्रशिया एकदम मोठा दिसू लागतो. मालिकेत तो बढाईखोर थोरला भाऊ आहे आणि बहुतेक वाचक त्याच्याकडे गंमत म्हणून पाहतात. १८ जानेवारी १८७१ रोजी व्हर्सायच्या आरसेमहालात जर्मन साम्राज्याची घोषणा झाली, तेव्हा सम्राट झालेला प्रशियाचा राजा विल्हेल्म त्या सोहळ्यावर खूश नव्हता. आपण जुन्या प्रशियाला मूठमाती देत आहोत असे त्याला वाटत होते. ज्याने धाकट्याला उभे केले तो धाकट्यातच विरून गेला, पुढे कागदावरूनही पुसला गेला, आणि तरी हिमारुयांनी त्याला धाकट्याच्या घरात राहायला जागा ठेवली. होली रोम कुठे गेला हे मला सगळे विचारतात. प्रशिया अजून का आहे, हे कोणी विचारले तर मी याहून मोठे उत्तर लिहीन.